जुनेराची बंडी

जुने कापड घराबाहेर घालविणे आज फार सोपे झाले आहे. बोहारणीच्या पाटीतील एखादे पातेले, नाहीतर सकाळी दारावर येणारी घंटागाडी, यांपैकी एकाने ते काम भागते आणि कपाटात नव्या कपड्यांना जागा होते. परंतु ज्या घरांत लुगडे विरले म्हणजे मधला विरलेला भाग काढून दोन्ही धड तुकड्यांना दंड घालीत, दंडाचे लुगडेही तग धरीनासे झाले म्हणजे त्याचे धडपे करीत, धडप्यांतून पोरांची झबली-टोपडी आणि गोधडीचे थर निघत, आणि अखेर गोधडीही फाटली म्हणजे तिच्या चिंध्या पोतेऱ्याच्या कामी येत, त्या घरांतील बायकांना कापडाच्या आयुष्याचा जो जमाखर्च तोंडपाठ होता, तो आपल्या पिढीने दप्तराबाहेर टाकला आहे. त्या जमाखर्चाचे नुसते गुणगान करून काही हाती लागणार नाही. त्यातील उपयोगाचे अंग उचलून जुन्या कापडापासून अंगावर घालण्याजोगे, टिकाऊ व देखणे वस्त्र हाताने कसे शिवावे, एवढाच तपशील येथे द्यावयाचा आहे.

गिरणेच्या काठचे भडगाव आणि त्याच्या अवतीभवतीचा मुलूख हा पिढ्यान्‌पिढ्या कापसाचा मुलूख. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे खुद्द भडगावास सरकारी प्रायोगिक शेत निघाले. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव आणि धुळे येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. आणि १९३६ सालच्या डिसेंबरात आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून अधिवेशनाच्या नगराची सजावट उभी केली. मात्र कापूस बांधावर पिकला तरी लुगडे दुकानातून रोखीने किंवा उधारीनेच आणावे लागे. जपानच्या उत्तर भागातील शेतकरी थंडीमुळे कापूस पिकवू शकत नसत आणि म्हणून सुती चिंधीसुद्धा थरावर थर शिवून जपून वापरीत. आमच्याकडे कपाशीच्या शेतात उभ्या असलेल्या बाईलाही तीच काटकसर करावी लागे, याचे कारण टंचाई कापसाची नव्हती, रोकड पैशाची होती.

या काटकसरीतून जे शहाणपण निपजले त्याचे सार एका नियमात सांगता येते: आधी कपडा ठरवून मग कापड शोधू नये, आधी कापड तपासावे आणि मग त्यातून कोणता कपडा निघेल ते ठरवावे. आजच्या शिंप्याची बेतणी अखंड, लांबरुंद कापड गृहीत धरते. जुन्या कापडात तसा अखंड भाग क्वचितच मिळतो. याउलट बंडी, बाराबंदी, झबले, चोळी हे आपले जुने वेष लहान चौकोनी व तिरप्या तुकड्यांचे बनलेले असतात, त्यांत कापड वाया जात नाही आणि एखादा तुकडा दुसऱ्या रंगाचा आला तरी ते विशोभित दिसत नाहीत. म्हणून जुन्या कापडाला जुनी बेतणीच मानवते. या लेखात मुख्य उदाहरण म्हणून गोधडीच्या टाक्याची बिनबाह्यांची बंडी घेतली आहे; खानदेशातील उन्हाळा जितका प्रसिद्ध आहे तितकी तेथील पौष-माघातील पहाटेची थंडी प्रसिद्ध नाही, पण कपाशीला किंवा गव्हाला रात्रपाळीचे पाणी धरणाऱ्याला अशा बंडीचे मोल सांगावे लागत नाही.

कापडाची पारख

पहिली खातरजमा कापड सुती आहे की नाही याची. काठाजवळून एक धागा ओढून काढावा आणि चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचाच वास येतो व मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आखडतो, वितळतो व टोकाशी कठीण मणी उरतो. हे दोन प्रकार एका कपड्यात एकत्र करू नयेत, कारण सूत धुण्यात आटते व घाम शोषते, पॉलिएस्टर यांपैकी काहीच करीत नाही, आणि दोन-चार धुण्यांत कपड्याला सुरकुत्यांच्या गाठी पडतात. कृत्रिम धाग्याच्या साड्या टाकाऊ आहेत असे मात्र नव्हे. त्यांच्या पिशव्या, पायपुसणी किंवा दोर वळावेत. अंगाला लागणाऱ्या वस्त्रासाठी सूतच हवे.

दुसरी परीक्षा डोळ्यांची व अंगठ्यांची. कापड खिडकीतल्या उजेडासमोर आडवे धरून हातभर हातभर पुढे सरकवीत जावे. जेथे उजेड एकदम जास्त येतो तेथे सूत विरले आहे असे समजावे. मग दोन्ही अंगठे एकमेकांशेजारी ठेवून कापड उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही धाग्यांवर बेताने ताणावे. करकर आवाज होऊन धागे सरकले तर तो भाग वरच्या थरासाठी बाद, पण आतल्या थरासाठी ग्राह्य. सहज फाटला तर तो दोन्हींतून बाद. नऊवारी लुगडे बहुधा काष्ट्याच्या जागी, बसण्याच्या जागी आणि खांद्यावरील पदराच्या घडीवर आधी जाते, धोतर गुडघ्यांवर आणि काष्ट्यात जाते, सदरा कॉलर, कोपर व बगलेत जातो. काठ मात्र बहुतेक वेळा अखेरपर्यंत धड राहतो, आणि याच काठाचा पुढे आपल्याला फार उपयोग आहे. तपासणी चालू असतानाच बाद भागाभोवती खडूने रेघ मारावी, म्हणजे कात्री हाती घेतल्यावर मोह होत नाही.

एक पथ्य शिलाईच्या बाहेरचे आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईच्या लुगड्याला तिच्या हयातीत तिला विचारल्यावाचून कात्री लावू नये, आणि धड पैठणीचा किंवा इरकलीचा निव्वळ हौसेखातर तुकडा करू नये. ज्या वस्त्राला वस्त्र म्हणूनच अजून आयुष्य आहे, ते वापरणे हाच त्याचा सर्वोत्तम उपयोग.

धुणे व वाळविणे

निवडलेले कापड बेतण्यापूर्वी निर्मळ करावे. हुक, बटणे, चुण्या, जुनी शिवण उसवून काढावी; उसवताना कापड ओढू नये, टाका कापून काढावा. पांढरे धोतर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावे आणि सोडा पुरता निघेपर्यंत खळबळावे. रंगीत कापड उकळू नये; त्याचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा, आणि फडक्याला रंग लागत असेल तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी कदापि बसवू नये. खळ घातलेले कापड साठवून ठेवले तर त्याला कसर लागते, म्हणून खळ पूर्णपणे काढूनच ते बासनात ठेवावे. नव्या कापडाची आट बेतताना मनात धरावी लागते. वर्षानुवर्षे धुतलेल्या कापडाला जी आट यायची ती येऊन गेलेली असते, जो रंग जायचा तो गेलेला असतो, आणि हा त्याचा गुण नव्या कापडात कोणत्याही किमतीला विकत मिळत नाही.

बेतणी

मध्यम बांध्याच्या, ३६ इंच छातीच्या माणसाची बंडी घेऊ. छातीत ६ इंच सैलपणा मिळविला म्हणजे घेर ४२ इंच झाला. पाठीचा एक तुकडा २२ इंच रुंद व २५ इंच लांब, आणि पुढचे दोन तुकडे प्रत्येकी ११ इंच रुंद व पाठीइतकेच लांब, असे तीन चौकोन एवढीच काय ती मूळ बेतणी. बाजूंच्या शिवणींत जाणारा अर्धा-अर्धा इंच या मापांत धरलेला आहे. पुढचे दोन तुकडे मिळून पाठीएवढे होतात, त्यामुळे हिशेबात चूक राहिली असेल तर ती कापण्याआधीच दिसते.

ही झाली तयार तुकड्यांची मापे. गोधडीचा टाका कापड आत ओढतो. तीन थरांत दर फुटामागे सुमारे अर्धा इंच तरी आटतो. यासाठी थर कापताना पाठ २४ बाय २७ आणि पुढचा प्रत्येक तुकडा १३ बाय २७ इंचांचा कापावा, टाके पूर्ण झाल्यावर तो बरोबर मापाला छाटावा. आधी मापाने कापून नंतर टाके घालणाऱ्याची बंडी हमखास तोकडी होते.

वरच्या थरास लुगड्याचा धड भाग, मधल्या थरास विरलेले धोतर किंवा सदऱ्याचे तुकडे, आणि अंगाकडच्या थरास सर्वांत मऊ कापड योजावे. तिन्ही थरांचे उभे धागे एकाच दिशेला, म्हणजे बंडीच्या लांबीत येतील अशी तजवीज करावी. साडीत उभा धागा काठाला समांतर असतो हे ध्यानात ठेवले म्हणजे चुकत नाही. मधल्या थरात तुकड्यांना तुकडा जोडण्याची गरज नाही, ते कडेला कड लावून नुसते मांडावेत. कडेवर कड चढली की तेथे उंचवटा येतो आणि सुई अडते.

थर आणि टाका

जमीन झाडून तिच्यावर चादर अंथरावी, अंगाकडचा थर उलटा पसरावा, त्यावर मधला आणि शेवटी वरचा सुलटा थर पसरून तळहाताने मध्यापासून कडेकडे दाबीत हवा काढावी. मग मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी मध्यातून चारी कडांकडे थर टाचून घ्यावेत. ही टाचणी वेळखाऊ वाटते व ती गाळण्याची इच्छा होते. परंतु टाचणी गाळली तर खालचा थर सरकतो आणि हे शेवटचा टाका पडेपर्यंत कळत नाही.

सुई बारीक व लांब घ्यावी. दाभणाने काम झपाट्याने होते, पण जुन्या कापडात दाभणाची भोके बुजत नाहीत, ती धुण्यागणिक मोठी होतात. दोरा सुती, मेणावरून एकदा ओढलेला, आणि हातभर, फार तर दीड हात लांब. बंगालमधील कांथ्यासाठी बायका जुन्या साडीच्या काठातील रंगीत धागे ओढून काढीत आणि त्यांनीच नक्षी भरीत. आपल्या लुगड्याचा काठ मध्येच फाटला असेल तर हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे, मात्र असा धागा केवळ नक्षीला वापरावा, शिवणीला नव्हे.

टाका साधा धावदोऱ्याचा. गाठ दोन थरांमध्ये लपवावी, सुई उभी खाली घालून खालच्या हाताच्या तर्जनीने तिचे टोक अजमावावे व लगेच वर फिरवावे. मधल्या बोटात अंगुस्तान असले म्हणजे एका दमात चार-पाच टाके सुईवर घेता येतात. वरून दिसणारा टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांतील अंतरही तेवढेच असावे. ओळी एकमेकींपासून बोटभर अंतरावर घालाव्यात. बंडी अंगाबरोबर वाकते, त्यामुळे अंथरुणाच्या गोधडीपेक्षा तिला दाट ओळी लागतात. ओळी कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे नेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि कर्नाटकातील यल्लापूर-हल्याळ भागातील सिद्दी बायकाही आपली कवंद नावाची गोधडी एका कोपऱ्यापासून सुरू करून अशीच फिरत फिरत आत आणतात. अंथरुणासाठी ही पद्धत उत्तम. बंडीचे तुकडे मात्र नंतर छाटावयाचे असतात, म्हणून त्यांत उभ्या सरळ ओळी घालाव्यात. छाटताना अशा ओळी कमी तुटतात. दोरा ओढून घट्ट करण्याची सवय मोडावी. टाका कापडावर निजला पाहिजे, रुतता कामा नये.

छाटणी आणि जोडणी

टाके पुरे झाल्यावर पाठीच्या वरच्या कडेला मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंच खूण करून एक इंच खोलीचा गळा आखावा. पुढच्या तुकड्यांवर समोरच्या कडेपासून खांद्यावर तीन इंच आत खूण करावी आणि तेथून समोरच्या कडेवर आठ इंच खाली एक तिरपी रेघ आणावी. कात्री लावण्यापूर्वी या सर्व आखणींच्या पाव इंच आत उलटटिपेची एक ओळ घालून घ्यावी. ती नसेल तर गळा कापताच तीन थर पाकळ्यांसारखे सुटतात व धावदोऱ्याचे टाके उसवत जातात.

खांदे आधी जोडावेत, मग बाजू. बाजूंना वरून दहा इंच बगलेसाठी मोकळे सोडावेत. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून अर्धा इंच आत उलटटिपेने शिवण घालावी, शिवणीच्या आतील मधले थर कातरून टाकावेत, आणि एका बाजूचा अंगाकडचा थर दुसऱ्यावर दुमडून बारीक टाक्यांनी बसवावा. असे केल्याने शिवण आतूनही सपाट राहते व अंगाला टोचत नाही. खांद्याची कड दंडावर थोडी उतरते. ते या कपड्याचे रूपच आहे, त्यात दोष नाही.

आता काठाचे काम. समोरच्या दोन सरळ कडा व खालचा घेर यांना लुगड्याचाच काठ दुमडून बसवावा. लुगड्याचा सर्वांत टिकाऊ भाग बंडीच्या सर्वांत झिजणाऱ्या जागी गेला, म्हणजे कापडाची वाटणी न्यायाने झाली. गळा व बगल यांना मात्र काठ चालत नाही, कारण तो ताणला जात नाही. तेथे दीड इंच रुंदीची उरेब पट्टी लावावी. बटणांऐवजी चार जोड्या बंद लावले तर बंडी अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येते. पदराच्या तुकड्याचा एक कप्पा आतून छातीपाशी बसवावा.

ठिगळ आणि रफू

बंडी वापरात आल्यावर फाटणारच, आणि फाटू लागताच दुरुस्ती केली तर ती फार थोडी असते. भोक तिळाएवढे असेल तर रफू करावा: त्याच कापडाच्या छाटणीतून काढलेला धागा घेऊन भोकाच्या पलीकडे धड कापडात चार-पाच टाके जाऊन उभे धागे शेजारी शेजारी ताणावेत, मग आडवा धागा एकाखालून एकावरून असा विणीत न्यावा आणि प्रत्येक परतीच्या वळणावर किंचित सैल सोडावा, म्हणजे धुण्यात जागा आखडत नाही. भोक त्याहून मोठे असेल तर ठिगळ लावावे. ठिगळाचे कापड मूळ कापडाइतकेच जुने असावे; नवे, कणखर ठिगळ जुन्या कापडाला कडेशी ओढून नवीन भोक पाडते.

ठिगळाची लाज वाटण्याचे कारण नाही. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) आयुष्यभर चिंध्यांचे वस्त्र पांघरून फिरले, लोकांनी त्यांना गोधडेबुवा म्हटले, आणि त्याच वेषात त्यांनी गावोगावी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वच्छतेचे धडे दिले. आपल्या काळात १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या गूंज या संस्थेने शहरातील वापरलेले कपडे दान म्हणून न वाटता, गावकऱ्यांनी केलेल्या रस्ता-विहिरींच्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची वहिवाट पाडली. जुन्या वस्त्रालाही मानाने देण्या-घेण्याची रीत असू शकते, असा त्याचा अर्थ.

नक्षीबाबत आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांबाबत

जळगाव जिल्ह्यातील बंजारा तांड्यांत फेटिया (घागरा) व कांचळी (चोळी) शिवणाऱ्या बायकांचे काम जवळून पाहावे. त्यांत चौकोन-त्रिकोणांचे तुकडे, आरसे आणि कवड्या यांची जी दाटी दिसते ती बव्हंशी काठाशी, गळ्याशी व जोडांवर असते. कपडा जेथे आधी झिजतो तेथेच नक्षी भरण्यात डौलही येतो आणि बळकटीही येते. नवशिक्याने हा धडा घ्यावा व बंडीच्या मध्यभागी नक्षी भरण्याआधी खांद्याच्या जोडावर दोन ओळी साखळी टाका घालावा.

तान्ह्या मुलाला नवे कापड न घालता आजीच्या मऊ लुगड्याचे झबले घालण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, कारण त्या कापडात खळ नसते, कणखरपणा नसतो. मात्र या कपड्यांना बटण, आरसा, मणी काही लावू नये. झबल्याचा बंद मागे व आखूड असावा, गळ्याभोवती लांब नाडी मुळीच नसावी. आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती बाळाच्या अंगाला घासत नाही. ज्यांनी हातात सुई कधी धरली नाही त्यांनी बंडीआधी एक दुपटे शिवावे. त्यात मापाची अडचण नसते आणि धावदोरा हातात बसतो.

श्रमाचा हिशेब

महिला बचत गटांनी असे कपडे विक्रीसाठी शिवावयाचे ठरविले, तर पहिल्या दिवसापासून एक वही घालावी आणि तीत कापड, दोरा, मेण यांच्या खर्चाबरोबरच प्रत्येकीने सुईवर घालविलेले तास लिहावेत. कापड फुकट आले म्हणून कपडा स्वस्त विकण्याची चूक फार ठिकाणी होते. या वस्त्रात कापडाचा वाटा थोडा आणि हाताचा वाटा मोठा असतो, तेव्हा किंमत हाताची धरली पाहिजे. मजुरीच्या चालू दराने तासांची किंमत निघत नसेल, तर तो माल विक्रीला काढू नये, घरात वापरावा. तांड्यावरील कारागिरीची नक्षी आपल्या मालावर घ्यावयाची असेल, तर ती नक्कल करून न घेता त्या बायकांकडून करवून घ्यावी आणि त्यांना दाम द्यावा.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, खरिपाच्या पेरणीला अजून अवकाश असतो, आणि दुपारचे ऊन घराबाहेर पडू देत नाही; गोधडीला बसण्याची हीच मुदत पूर्वापार चालत आली आहे. या आखाजीला पेटीतून एक जुनेर आणि एक धोतर बाहेर काढावे, उजेडासमोर धरून पाहावे, आणि आईजवळ किंवा आजीजवळ बसून पहिली ओळ घालावी. पहिली बंडी स्वतःच्या अंगासाठी शिवावी आणि एक हिवाळा वापरावी. तिने जे शिकविले ते ध्यानात घेऊनच दुसरी विक्रीला ठेवावी.